बेटावरच्या सहलीला घरचा शिधा: मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी काय न्यावे, काय टाळावे

"डॉक्टर, आम्ही आठवडाभर अंदमानला जातोय. स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंय, कारण आईला बाहेरचं चालत नाही. इथूनच काय काय करून नेऊ?" दिवाळीच्या सुट्टीच्या आधी असा प्रश्न हमखास येतो. स्वयंपाकघर असलेले घर घेण्याचा निर्णय चांगलाच आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला स्वतःच्या हातचे, मोजून-मापून केलेले जेवण मिळाले तर सहल निर्धास्त होते. मात्र प्रश्नातले "करून नेऊ" हे शब्द थोडे बदलायला हवेत. शिजवलेले अन्न न्यायचे नाही. कोरडा शिधा न्यायचा आणि स्वयंपाक तिथे ताजा करायचा.

शिजवलेले अन्न का नको?

घरून निघाल्यापासून बेटावरच्या घरी पोहोचेपर्यंत बारा-पंधरा तास सहज जातात. मुंबई किंवा पुण्याहून विमानाने श्री विजयपुरमला (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) पोहोचल्यावर स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉकला जायला पुन्हा दोन तासांच्या आसपास बोटीचा प्रवास असतो. हवा उष्ण आणि दमट असते. ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही.

भाताच्या बाबतीत विशेष सावध राहा. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. भात तसाच बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. त्यामुळे "तिथे गेल्यावर गरम करून घेऊ" हा हिशेब पुलाव, मसालेभात किंवा दहीभाताला लागू पडत नाही. निरोगी माणसाला यातून एक-दोन दिवस उलट्या-जुलाब होतील. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला मात्र त्याच उलट्या-जुलाबांमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागू शकते.

प्रवासाच्या दिवसापुरता डबा जरूर घ्या, पण तो कोरडा असू द्या: धपाटे, ठेपले किंवा बिनगुळाच्या दशम्या, कोरडी चटणी, भाजलेले फुटाणे, शेंगदाणे, सफरचंद. डब्यात जेवढे पाणी कमी, तेवढे अन्न टिकते. उरलेले रात्रीसाठी ठेवू नका.

शिध्यात काय न्यावे?

तांदूळ, तूरडाळ, कांदे-बटाटे, तेल, अंडी हे सगळे अंदमानात मिळते. इथून न्यायचे ते फक्त रुग्णाच्या पथ्याचे आणि तिथे हमखास न मिळणारे:

• ज्वारी किंवा नाचणीचे पीठ. एका मध्यम भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागते. दिवसाला चार भाकऱ्या धरल्या तर सहा दिवसांना एका माणसासाठी सव्वा किलो पुरते. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, म्हणून दमट हवेत ते टाळलेले बरे.
• मूगडाळ, मटकी, हरभरे. एका माणसाला दिवसाला ५० ग्रॅम पुरे. मोड आणलेले कडधान्य नेऊ नका, तिथे भिजवा.
• मेतकूट, घरचा मसाला, जवस किंवा कारळाची चटणी. तिन्ही कमी मिठात करून घ्या.
• नाश्त्यासाठी ओट्स किंवा जाड दलिया.
• एक छोटा मापाचा चमचा आणि नेहमीची वाटी. नव्या घरातल्या मोठ्या वाट्यांमुळे भात नकळत दीडपट होतो.

पिठे घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा दुहेरी पिशवीत भरा. घर ठरवतानाच शेगडी गॅसची आहे की इंडक्शनची, फ्रिज आहे का आणि वीज गेली तर काय सोय, हे विचारा. कॅम्पिंगची शेगडी चालवणारा गॅस विमानात नेता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही चेक-इन सामानात चालत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिधा आणि औषधे दोन दिवसांची जास्त घ्या. समुद्र खवळला की बोटी बंद राहतात आणि मुक्काम आपोआप वाढतो. लहान बेटांवर प्राथमिक आरोग्य केंद्राची सोय असते. मोठे सरकारी रुग्णालय, गोविंद वल्लभ पंत रुग्णालय, श्री विजयपुरमला आहे. म्हणजे बोटी बंद असताना तिथपर्यंत पोहोचणेही सोपे नसते.

रक्तदाब: मीठ पाकिटातून येते

घरी कमी मिठाचे जेवणारी माणसेही प्रवासात लोणचे, पापड, फरसाण, नूडल्स आणि "गरम करा आणि खा" अशा पाकिटांवर येतात. दिवसभरात एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक सपाट चमचा, असावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पाकिटावर मीठ न लिहिता सोडियम लिहिलेले असते. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते.

समजा, पाकिटावर १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि पाकीट ३०० ग्रॅमचे आहे. पूर्ण पाकीट खाल्ले तर १,८०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ पोटात गेले. दिवसभराचे मीठ एकाच जेवणात संपले! अशी पाकिटे अडीअडचणीसाठी एक-दोन ठेवा, रोजच्या जेवणासाठी नको. खारवलेले सुके मासेही याच यादीत येतात.

मधुमेह: घड्याळ तेच, दिवस वेगळा

अंदमानात घड्याळ आपलेच असले तरी ही बेटे खूप पूर्वेला आहेत. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सहलीचा दिवस पहाटे सुरू होतो, चालणे आणि पोहणे वाढते आणि जेवणाच्या वेळा सरकतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा वेळी एकदम उतरू शकते. म्हणून हे नियम पाळा:

• जेवण समोर आल्यावरच जेवणाआधीचे इन्सुलिन किंवा गोळी घ्या. "बोट सुटली की खाऊ" म्हणून आधी घेऊन ठेवू नका.
• पाण्यात उतरण्याआधी आणि लांब चालण्याआधी साखर तपासा.
• घाम, थरथर, धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटले, किंवा साखर ७० च्या खाली आली, तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. लाडू किंवा चॉकलेट देऊ नका, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर चढायला वेळ लागतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांना ग्लुकोजच द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.
• इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या. चेक-इन सामानात ते गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकते, पण नेमकी मुदत वेष्टनावर पाहा. किनाऱ्यावर ते उन्हात ठेवू नका.

मूत्रपिंडाचा आजार: शहाळे आणि "लो सोडियम" मीठ

बेटावर शहाळे स्वस्त आणि ताजे मिळते. पण एका शहाळ्यात एका केळ्याइतके, कधी त्याहून जास्त पोटॅशियम असते. ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले आहे, त्यांनी ते विचारल्याशिवाय पिऊ नये. पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. लो सोडियम मिठातही सोडियमच्या जागी बरेचसे पोटॅशियमच असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी ते टाळावे. साधेच मीठ कमी घाला. पाणी किती प्यायचे याचे बंधन असेल तर उकाड्यात त्याचे काय करायचे, हे निघण्याआधी विचारून घ्या.

मासे आणताना

ताजे मासे ही बेटावरची खरी चैन आणि पथ्यालाही उत्तम. फक्त बर्फावर ठेवलेलेच घ्या आणि घरी आणताच फ्रिजमध्ये ठेवा. कुपा म्हणजे ट्यूना, सुरमई, बांगडा हे मासे उन्हात राहिले तर त्यात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर पित्त उठणे असे त्रास होतात.

गव्हाची अडचण असेल तर

सीलिएक आजार असलेल्यांनी पीठ आणि मसाले घरूनच न्यावेत. बाजारच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते आणि थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. भाड्याच्या घरातल्या तव्यावर आधी पोळ्या झालेल्या असतात, म्हणून छोटा तवा आणि लाटणे आपले घ्या.

परदेशी बेटावर जात असाल तर

मॉरिशस, बाली, सिंगापूर अशा ठिकाणी ताजी फळे, भाज्या, बिया, मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यावर निर्बंध असतात. निघण्याआधी त्या देशाचे नियम पाहा आणि सामानातले अन्न विमानतळावर जाहीर करा. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. आपल्या गोड्या मसाल्यात ती अनेकदा असते, म्हणून तिथे जाताना मसाला बिनखसखशीचा न्या.

डॉक्टरांना कधी गाठावे?

बोट लागणे किंवा पोट बिघडणे होऊ शकते. ओआरएसची पाकिटे जवळ ठेवा. मधुमेहींनीही गरज पडल्यास ती घ्यावीत. एक लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. खालीलपैकी काही झाले तर थांबू नका:

• सहा तासांत पाणीही पोटात टिकले नाही
• लघवी खूप कमी झाली, किंवा उभे राहताना चक्कर येते
• जुलाबात रक्त किंवा ताप
• साखर सतत २५० च्या वर, किंवा वारंवार ७० च्या खाली
• मासे खाल्ल्यावर श्वास लागला किंवा ओठ सुजले

उलट्या-जुलाब सुरू असताना मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या काही काळ थांबवाव्या लागू शकतात. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नये. यातले तुम्हाला काय लागू आहे, ते निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद औषधांच्या पिशवीत ठेवा. बेटावर मोबाइलची रेंज नसली तरी तो वाचता येईल.