बंडखोर लीग आणि कारागिराचा हिशेब

देऊळगाव राजाच्या बाजारपेठेत एका शिलाईच्या दुकानात आम्ही सहज टेकलो होतो. मशीन चालवता चालवता कारागीर म्हणाला, "भाई, नवा शेठ नगामागे पाच रुपये जास्त देतो म्हणतो. पण जुना शेठ सांगतो, एकदा तिकडे गेलास तर पुन्हा माझी पायरी चढू नको. काय करावं?" आम्ही त्याला क्रिकेटचा एक किस्सा सांगितला. तो आमच्या सर्व व्यापारी व कारागीर बंधूंच्या कामाचा आहे, म्हणून येथे देत आहोत.

हक्क मिळाले नाहीत, लीग काढली

मुंबईत मुख्यालय असलेले भारतीय क्रिकेट नियामक मंडळ म्हणजे देशातल्या क्रिकेटची एकमेव पेढी. सामन्यांना मान्यता तिची, संघनिवड तिची, बहुतेक मोठ्या मैदानांवर हुकूम तिच्या संघटनांचा. झी वाहिनीचे सुभाष चंद्र यांना सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क हवे होते. ते 2006 साली निंबस या कंपनीने सुमारे 61 कोटी डॉलरला घेतले. माल मिळत नसेल तर आपणच तयार करू, या व्यापारी हिशेबाने चंद्र यांनी 2007 मध्ये इंडियन क्रिकेट लीग उभी केली. कपिल देव तिचे प्रमुख झाले. ब्रायन लारा मुंबई चॅम्प्सकडून उतरला. 30 नोव्हेंबर 2007 रोजी पंचकुला येथे पहिला सामना झाला. पुढे इंझमाम-उल-हकच्या नेतृत्वाखाली लाहोर बादशाह हा संघही आला.

नावे मोठ्यांची झाली, पण यात खरा जुगार खेळला तो लहान खेळाडू. रणजी स्पर्धेत वर्षानुवर्षे घाम गाळूनही ज्याला भारतीय संघाचे दार उघडले नाही, त्याला प्रथमच चांगला मोबदला समोर दिसत होता.

मंडळाचा पलटवार

मंडळाने कपिल देव यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर केले. लीगमध्ये गेलेल्या खेळाडूंना आपले दरवाजे बंद केले. आणि एप्रिल 2008 मध्ये स्वतःची इंडियन प्रीमियर लीग सुरू केली. नव्या दुकानदाराचा चालणारा माल जुन्या पेढीने आपल्या काउंटरवर मांडला, तोही मोठ्या भांडवलानिशी!

नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर बंडखोर लीगची चालू स्पर्धा थांबली, ती पुन्हा उभी राहिली नाही. पैसे थकल्याच्या तक्रारी अनेक खेळाडूंनी केल्या. 2009 मध्ये मंडळाने लीग सोडणाऱ्यांना माफी देऊ केली. अंबाती रायुडू असाच परतला, 2010 मध्ये मुंबई इंडियन्सकडून खेळला आणि 2013 मध्ये भारतीय संघात पोहोचला. पण ज्यांचे वय निघून गेले, त्यांना माफीचा काय उपयोग?

हे जुनेच भांडण

ही रीत नवी नाही. 1895 साली उत्तर इंग्लंडमधील रग्बी क्लब मूळ संघटनेतून फुटले. कारण साधे होते: खेळासाठी कामावर खाडा झाला तर मजुराला बुडालेली मजुरी मिळावी. 1977 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केरी पॅकर यांनी इम्रान खान, झहीर अब्बास, आसिफ इक्बाल यांसारख्या खेळाडूंना घेऊन समांतर क्रिकेट चालवले. लंडनच्या न्यायालयाने या खेळाडूंवरील बंदी बेकायदा ठरवली. 2025 मध्ये रग्बीत आर-360 नावाची खासगी स्पर्धा पुढे आली. लगेच 8 देशांच्या संघटनांनी बजावले की तिकडे जाणाऱ्याला राष्ट्रीय संघात जागा नाही. त्या स्पर्धेचा मुहूर्तही पुढे 2028 वर गेला.

कायदा काय म्हणतो?

2013 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने आपल्या क्रिकेट मंडळाला सुमारे 52 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दुसऱ्या कोणत्याही प्रतिस्पर्धी लीगला 10 वर्षे मान्यता देणार नाही, अशी हमी मंडळाने प्रक्षेपण करारात दिली होती. अपिलात तो आदेश 2015 मध्ये रद्द झाला, तरी 2017 मध्ये आयोगाने पुन्हा तेवढाच दंड लावला. आपल्या 1872 च्या करार कायद्याचे कलम 27 सांगते की, एखाद्याला कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. मात्र जुन्या शेठने परत काम द्यावेच, अशी सक्ती हे कलम करत नाही. येथेच गरीब कारागीर अडतो.

बोध

आमच्या मते कारागिराने नवा दर ऐकताच उठू नये. नवा शेठ किती हंगाम काम देणार, उचल किती, पैसे कोणत्या तारखेला, हे कागदावर घ्यावे. दिवाळे निघाले तर घर किती महिने चालेल, याचा हिशेब मांडावा. आणि पेढीवाल्यांनीही ध्यानात घ्यावे की, वेळेवर दोन रुपये वाढवले असते तर माणूस फुटला नसता. मंडळानेही शेवटी खेळाडूंना जास्त पैसा दिलाच, पण समोर दुसरे दुकान लागल्यावर.

आमचा शिलाईवाला सर्व ऐकून म्हणाला, "म्हणजे आधी जुन्या शेठकडेच दर वाढवून मागतो." आम्ही म्हणालो, "जरूर माग. पण नव्या शेठचा दर लिहून घेऊनच जा."