मान वर केली आणि पायाची ओढ गेली!

आमचा खो-खोचा सराव चालू होता. वाकून पायाचे अंगठे धरताना माझ्या गुडघ्यामागे जोराची ओढ लागली. घरी सांगितलं तर माय म्हणाली, “शीर ताणाई गई व्हई. आते खेळानं बंद कर!” मला रडूच आलं. सामने तोंडावर आले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला टेबलावर बसवलं, पाय खाली लोंबते. म्हणाल्या, “पाठ वाकव. हनुवटी छातीला लाव. आता एक पाय हळूच सरळ कर.” पाय सरळ होण्याआधीच ओढ लागली. मग म्हणाल्या, “पाय तसाच ठेव, नुसती मान वर कर.” काय गंमत! ओढ लगेच कमी झाली.

मान कुठं, मांडी कुठं! मांडीमागचा स्नायू मानेपर्यंत जात नाही. मग हे कसं झालं?

पारोळ्यात आपण रक्त नेणारीला शीर म्हणतो आणि संदेश नेणाऱ्या मज्जातंतूलाही शीरच म्हणतो. ही गोष्ट मज्जातंतूची. मेंदूपासून मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून कमरेपर्यंत येतो. तिथून निघालेले तंतू एकत्र होऊन शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू बनतो. मोठ्या माणसात तो जवळजवळ अंगठ्याएवढा असतो. तो मांडीमागून उतरतो आणि त्याच्या फांद्या तळपायापर्यंत पोचतात. ताणलेला दोर एका टोकाला सैल सोडला की दुसरीकडेही ताण उतरतो, तसंच हे. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलँड यांनी १९८५ साली या तपासणीवर सविस्तर लिहिलं.

मग आमच्या संघातल्या मुलींनी करून पाहिलं. त्या धडधाकट, तरी त्यांनाही ओढ लागली. म्हणजे नुसती ओढ हा आजार नव्हे.

आणखी एक. ताण फार वाढला की मांडीमागचा स्नायू आपणहून आवळतो, हाताला टणक लागतो. तो जणू मज्जातंतूचा राखणदार! म्हणून झटके देऊन ताणू नये, दुसऱ्याचा पाय रेटू नये. हळू ताणावं, दुखलं की थांबावं.

पालकांनो, एकाच पायात कळ, मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

संध्याकाळी मी मायला खाटेवर बसवून हेच करायला लावलं. तिलाही ओढ लागली! माय हसून म्हणाली, “मी कुठे खो-खो खेळस?” आणि मला सरावाला जाऊ दिलं.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी