शहरी बागकामात करिअर करायचंय? ॲप नंतर, झाड आधी

'मातीशिवाय शेती, तीही मोबाईलवरून' असे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. गच्चीवर पांढरे पाइप, त्यात हिरवागार लेट्यूस आणि मालक खुर्चीत बसून ॲपवरून पंप चालू करतोय. खाली कोर्सची लिंक! बारावीनंतर काय, या विचारात असाल तर मोह होणारच. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणून त्या ॲपमागे नेमकं काय असतं, ते आधी सांगतो.

ॲपला काय कळतं?

कुंडीतला सेन्सर ओलाव्याचा एक आकडा देतो. ईएसपी32सारखा छोटा बोर्ड तो वायफायवरून फोनवर पाठवतो आणि आकडा ठरवलेल्या मर्यादेखाली गेला की पंप सुरू करतो. बस, एवढंच. थोडं कोडिंग येत असेल तर हे सुट्टीत जमवता येतं. (उघड्या धातूच्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर ओल्या मातीत गंजतो, त्यामुळे कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या.)

पण पान पिवळं पडलं तर? पाणी जास्त झालं, नायट्रोजन कमी पडला की मुळं कुजली, हे तो आकडा सांगत नाही. हायड्रोपोनिक्समध्येही तेच. पाण्याचा सामू साधारण 5.5 ते 6.5 ठेवतात. तो जास्त वाढला तर पाण्यात लोह घातलेलं असूनही मुळांना ते नीट घेता येत नाही. मीटर फक्त सामू दाखवतो. झाडाला काय होतंय ते माणसाला ओळखावं लागतं. या क्षेत्रात पैसे मिळतात ते या ओळखीचे.

गच्चीचं गणित

वापरातल्या सपाट गच्चीसाठी आयएस 875 या भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे 150 किलो भार धरलेला असतो. आता एक चौरस मीटरवर 15 सेंटीमीटर माती पसरा आणि भिजवा. वजन सहज 250 किलोच्या आसपास जातं! म्हणून गच्चीवर कोकोपीट आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण वापरतात आणि मोठं काम असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच करतात. खाली लोक राहतात, हे विसरून चालत नाही.

शिकायचं कुठे?

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे राज्याची चार कृषी विद्यापीठं आहेत. बी.एस्सी. (ऑनर्स) उद्यानविद्या ही पदवी 4 वर्षांची असते. त्यासाठी विज्ञान शाखेतून बारावी आणि एमएचटी-सीईटी लागते. रोपवाटिका, कलम, कीड-रोग, माती, सिंचन हे सगळं त्यात हाताने करून शिकता येतं. इतका वेळ नसेल तर माळी प्रशिक्षणासारखे छोटे अभ्यासक्रमही आहेत.

काम कुठे मिळतं?

महापालिकांचे उद्यान विभाग, नर्सरी, लँडस्केप कंपन्या, सोसायट्यांच्या बागांची वार्षिक देखभाल. शिवाय राज्याच्या 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार शहरांत दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. आता अशा गणनेत झाडाचं ठिकाण जीपीएसने नोंदवता येतं. क्यूजीआयएससारखं मोफत सॉफ्टवेअर येणारा आणि शिवाय झाड पाहून त्याची जात सांगणारा माणूस इथे उपयोगी पडतो. पहिली गोष्ट काही आठवड्यांत शिकता येते, दुसरीला वर्षं लागतात.

फी भरण्याआधी

कोर्सवाल्यांना दोन प्रश्न विचारा: पिकलेला माल कोण विकत घेतो, आणि उन्हाळ्यात पाणी गार ठेवायचा विजेचा खर्च किती? गोलमोल उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा. त्याऐवजी एक टोमॅटो बियापासून फळापर्यंत वाढवा, रोज एक फोटो आणि दोन ओळींची नोंद करा. तीन-चार महिन्यांत समजेल, आपल्याला झाडं आवडतात की फक्त गॅजेट्स. गॅजेट्स आवडत असतील तर माझ्या क्षेत्रात या, तेही वाईट नाही!