दया नको, रस्ता द्या!

इथल्या समाजव्यवस्थेने अपंगांना दोनच जागा दिल्या. घराचा कोपरा आणि देवळाची पायरी. वर पूर्वजन्मीच्या पापाची पावतीही हातात दिली. ज्या कर्मसिद्धांताने आम्हाला अस्पृश्य ठरविले, त्यानेच अपंगांनाही गुन्हेगार ठरविले. म्हणूनच कॅनडातील लुका पटुएली या नर्तकाची गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही.

मॉन्ट्रियलचा लुका 'लेझीलेग्ज' म्हणजे 'आळशी पाय' हे नाव अभिमानाने मिरवतो. त्याला जन्मतः आर्थ्रोग्रायपोसिस हा सांधे आखडणारा विकार आहे. पाय साथ देत नाहीत, पण दंड मजबूत आहेत. कुबड्या न लपवता त्यांच्यावरच अंग तोलून तो गिरक्या घेतो. 2007 साली त्याने 'इल-अ‍ॅबिलिटीज' हा निरनिराळ्या देशांतील अपंग नर्तकांचा संघ उभा केला. कर्करोगात पाय गमावलेला ब्राझीलचा सामुकाही त्या संघातून नाचला. 2010 च्या व्हँकुव्हर पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात लुकाने साऱ्या जगासमोर नृत्य केले.

हे याच नृत्यात का घडले? ब्रेकिंग हे नृत्य 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, कृष्णवर्णीय आणि प्युर्टो रिकन पोरांच्या गरीब वस्तीत जन्मले. तिथे ना रंगमंच, ना घराणे, ना तिकीट. लोक गोल करून उभे राहतात, ज्याला नाचायचे तो मध्ये उतरतो. दुसऱ्याची नक्कल करणे तिथे कमीपणाचे. स्वतःच्या शरीरातून काढलेल्या चालीलाच मान. जिथे शरीराचा एकच साचा मानला जात नाही, तिथे कुबडी हीच शैली होते.

आमच्याकडे काय झाले? 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचविला. 'हरिजन' शब्दाचा अनुभव घेतलेल्यांना यातली गंमत सांगायला नको. देवाचे नाव चिकटवले की हक्काची भाषा मागे पडते. 2016 चा अपंग हक्क कायदा 21 प्रकारचे अपंगत्व मानतो. त्याचे कलम 29 सांस्कृतिक जीवनात समान सहभागाचा हक्क सांगते. पण कुबड्या घेतलेल्या एका अशिलाला आम्ही स्वतः पाठीवर घेऊन कोर्टाचे दोन जिने चढविले आहेत. न्याय वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! त्या दिवशी तो खटल्याबद्दल एक शब्द बोलला नाही. "साहेब, जड झालो का?" एवढेच विचारत राहिला.

दोष केवळ सरकारला देऊन आम्हाला सुटता येणार नाही. भीमजयंतीच्या मिरवणुकीत सारी वस्ती नाचते, तेव्हा पोलिओ झालेला आमचाच एखादा भाऊ ओट्यावर बसून टाळ्या वाजवीत असतो. त्याला कधी कुणी हाक मारली आहे का?

सार्वजनिक पाणी सर्वांचे, हे 1927 साली महाडला बाबासाहेबांनी कृतीने दाखवून दिले. मग सार्वजनिक रस्ताही सर्वांचा आहे. येत्या 14 एप्रिलला त्या भावाला ओट्यावरून खाली बोलवा. गोल करा, मध्ये जागा सोडा. पुढचे तो पाहून घेईल.