बर्फाखालचा मासा आणि रिळावरची दोरी



मासा गळाला लागावा, काठाशी यावा आणि ऐन वेळी दोरी तुटावी, हा अनुभव नदीकाठच्या आणि धरणाकाठच्या वाचकांना नवा नाही. मासा जातो, गळ जातो, आमिषही जाते. तोंडात गळ रुतलेला तो मासा पुढे जगेलच याची खात्री नसते. आपण नशिबाला बोल लावून घरी येतो. पण बहुतेक वेळा नशिबाचा काही संबंध नसतो. दोरी चुकीची निवडलेली असते, नाहीतर सांभाळलेली नसते.

दोरीची सर्वांत कडक परीक्षा कुठे होत असेल, तर ती गोठलेल्या तळ्यावर. तिथली माणसे दोरी कशी निवडतात आणि कशी जपतात, हे आज पाहू. त्यातले बरेचसे आपल्याही कामाचे आहे.

तळे गोठते तेव्हा

अमेरिकेच्या उत्तर टोकाला मिनेसोटा नावाचे राज्य आहे. मका, सोयाबीन, साखरबीट आणि दूध हा तिथल्या शेतकऱ्यांचा मुख्य आधार. दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी या एका राज्यात मोजलेली आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरात ती गोठतात, ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. थंडी तरी केवढी! २ फेब्रुवारी १९९६ रोजी तिथल्या टॉवर या गावी पारा शून्याखाली ५१ अंशांपर्यंत उतरला होता.

शेते बर्फाखाली असतात, हाताला काम कमी असते. मग माणसे तळ्यावर जातात, बर्फाला सहा ते दहा इंच रुंदीचे भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून बसतात. कोणी लहानशी खोपी ओढत नेऊन तिच्यात शेगडी पेटवून बसतो. हिवाळ्यात तिथे एका माणसाला दोन गळ टाकण्याची मुभा आहे, एरवी एकच.

तुम्ही म्हणाल, तळे गोठले तर मासे जगतात कसे? पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, म्हणून ते तळाशी जाते. बर्फ पाण्याहून हलका, तो वर तरंगतो आणि पांघरुणासारखा काम करतो. खाली पाणी पातळच राहते आणि त्यात मासे वावरतात.

मात्र त्या पांघरुणावर उभे राहायचे तर त्याची जाडी मोजावी लागते. पायी चालण्यासाठी स्वच्छ, नवा बर्फ निदान चार इंच जाड हवा, असे तिथले सरकारी खाते सांगते. पांढरा, भुसभुशीत बर्फ तेवढा भार पेलत नाही. म्हणून जाणती माणसे पावलागणिक बर्फ तपासत पुढे जातात.

जाड दोरी का चालत नाही?

आपला पहिला विचार असा, की दोरी जाड असली म्हणजे तुटायची भीती नाही. नांगराचा सोल आणि बैलाचा कासरा यांना हे लागू आहे. गळाला मात्र नाही.

थंड पाण्यात मासा सुस्त होतो. तो झडप घालत नाही, आमिष हळूच तोंडात घेतो आणि खटकले तर सोडून देतो. तिथे गळही भाताच्या दाण्याएवढा असतो. जाड, ताठ दोरीवर तो नीट खाली उतरत नाही आणि माशाने तोंड लावलेले हाताला कळत नाही. बर्फाखालचे पाणी पुष्कळदा नितळ असते, त्यात जाड दोरी माशाच्या नजरेत भरते.

म्हणून क्रॅपी, ब्लूगिल, पर्च अशा लहान माशांसाठी तिथे दोन ते चार पौंड, म्हणजे एक ते दोन किलोच्या आसपास ताण सोसणारा धागा वापरतात. चार पौंडी नायलॉनची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. वॉलआय या चवदार माशाला सहा ते आठ पौंडी दोरी लावतात. पाईक या दातेरी माशासाठी जाड दोरी आणि गळाजवळ तारेचा तुकडा लागतो.

दोन किलो ताणाच्या दोरीवर तीन किलोचा मासा येत नाही, असे मात्र नाही. काठी वाकून हिसका पोटात घेते आणि रिळाचा आवळपणा बेताचा ठेवला, तर जोर लागताच दोरी थोडी सुटते. दोरी जेवढा ताण सोसते, त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतक्या ओढीला रीळ सुटले पाहिजे. कडाक्याच्या थंडीत रिळातले वंगण घट्ट होते, म्हणून ही ओढ बर्फावर गेल्यावर पुन्हा हाताने पाहावी लागते.

धाग्याच्या तीन जाती

पहिला धागा नायलॉनचा एकेरी, पारदर्शक. आपल्याकडे याला तंगूस म्हणतात. नायलॉनचा शोध १९३५ साली अमेरिकेत लागला आणि त्याने मासेमारीची रीतच पालटली. हा धागा स्वस्त, गाठ चांगली धरणारा आणि ताणला की थोडा लांबणारा. या लांबण्यामुळे हिसका मुरतो. दोष असे, की तो पाणी पितो आणि थोडा कमजोर होतो. थंडीत ताठ होऊन रिळावरचे वेटोळे सोडत नाही, स्प्रिंगसारखा उभा राहतो.

दुसरा फ्लुरोकार्बनचा. मासेमारीसाठी हा धागा जपानात १९७१ साली निघाला. तो पाण्यात कमी दिसतो, नायलॉनपेक्षा जड असल्याने लवकर बुडतो आणि पाणी जवळजवळ पीत नाही. महाग असतो आणि गाठ घाईने आवळली तर दगा देतो. म्हणून पुष्कळ जण शेवटचे दोन-तीन फूटच याचे लावतात.

तिसरा अनेक बारीक तंतू विणून केलेला. तो जाडीच्या मानाने फार बळकट आणि जवळजवळ न लांबणारा असतो. खोल पाण्यातला हलका स्पर्शही हाताला कळतो. पण विणीत पाणी अडकते आणि बाहेर येताच गोठते. काठीच्या कड्यांमध्ये बर्फ साचतो आणि दोरी अडते. उबदार खोपीत बसणाऱ्याला हा धागा उत्तम, उघड्यावर बसणाऱ्याला त्रासाचा.

आणखी एक युक्ती पाहण्यासारखी आहे. भोकावर आडवी फळी ठेवून तिच्याखाली दोरीचे रीळ पाण्यातच सोडतात. मासा लागला की फळीवरची झेंडी उभी राहते. रीळ पाण्यात असल्याने दोरी गोठत नाही. ही दोरी हातानेच ओढायची असते, म्हणून ती मुद्दाम जाड घेतात. म्हणजे दोरी कोणती चांगली, याचे उत्तर काम कोणते यावर अवलंबून आहे.

रिळावर भरताना

बर्फावरचे रीळ लहान असते. लहान रिळावर वेटोळी लहान, म्हणून गुंता जास्त. यावर काही साधे उपाय आहेत.

दोरी भरण्यापूर्वी तिचे गुंडाळे थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावे, नायलॉन मऊ पडते. भरताना दोरी ओल्या फडक्यातून, चिमटीत धरून ताणात भरावी. सैल भरलेली दोरी पुढे स्वतःतच रुतते. रीळ काठोकाठ भरू नये, कडेपासून सुतभर जागा मोकळी ठेवावी. जास्त भरली तर वेटोळी आपोआप उड्या मारतात, कमी भरली तर दोरी अडखळत सुटते.

सगळी दोरी नवी घालण्याची गरज नाही. तळाशी जुनी दोरी भरून वर तेवढी नवी जोडली तरी भागते. विणलेली दोरी रिळावर घसरते, तिच्याखाली तर नायलॉनचे काही वेढे हवेतच.

काही रिळांत दोरी एका टोकावरून सुटते, तेव्हा तिला पीळ बसतो. पीळ बसला की खाली गळ भिरभिरू लागतो आणि फिरणाऱ्या आमिषाला सुस्त मासा तोंड लावत नाही. उपाय दोन. एक, गळाच्या वर हात-दीड हात अंतरावर बारीकशी फिरती कडी जोडावी. दुसरा, रहाटाच्या चाकासारखे सरळ फिरणारे रीळ घ्यावे, त्यात पीळ बसत नाही. गळ टाकण्याआधी काही हात दोरी सोडून दोन्ही हातांत हलकेच ताणली, तर वेटोळीही सरळ होतात.

गाठ आणि बर्फाची धार

तुटलेली दोरी हाती आली की तिचे टोक पाहा. टोकाला मुरडलेला पीळ दिसला तर गाठ सुटली. दोरी खरबरीत होऊन तुटली तर ती कशावर तरी घासली.

कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाने धागा तापतो आणि तिथेच कमजोर होतो. म्हणून गाठ ओली करावी, सावकाश आवळावी आणि मासा ओढण्याआधी आपणच ओढून पाहावी. बर्फाच्या भोकाची कड सुरीसारखी असते. मोठा मासा वर घेताना दोरी तिच्यावर घासते. तिथली अनुभवी माणसे मासा काढला की शेवटची दोन हात दोरी बोटांतून फिरवतात. जरा खरखर लागली की तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारतात.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडे बर्फ नाही, पण खडक आहेत, बाभळीची बुडालेली खोडे आहेत आणि धरणाच्या भिंतीचे दगड आहेत. बर्फाच्या कडेचे काम ते करतात. थंडीच्या जागी आपल्याकडे ऊन आहे, आणि उन्हात पडून राहिलेले नायलॉन हळूहळू ठिसूळ होते. तंगूस छपरावर किंवा मोटारसायकलच्या हँडलला टांगून ठेवू नका. सावलीत, अंधाऱ्या पेटीत ठेवा आणि हंगामाला निदान वरचे काही हात बदला. ज्या तलावाचा मासेमारीचा ठेका संस्थेकडे आहे, तिथे आधी परवानगी घ्या.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कापलेले तुकडे काठावर टाकू नका. नायलॉनचा मांजा पक्ष्यांच्या आणि माणसांच्या जिवावर उठतो, म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. काठावर पडलेले तंगूस बगळ्या-पाणकोंबड्यांच्या पायांत तसेच अडकते. उकिरड्यावर टाकले तर ते कुजत नाही, शेणखताबरोबर शेतात जाते आणि रोटाव्हेटरला गुंडाळते. चाऱ्यात गेले तर गाईच्या पोटात जाते. म्हणून तुकडे खिशात घालून घरी आणा, एका डब्यात साठवा आणि प्लॅस्टिकच्या कचऱ्याबरोबर द्या.

सगळ्या सामानात दोरी सर्वांत स्वस्त, पण मासा आणि माणूस यांच्यामध्ये तेवढीच एक असते. पुढच्या वेळी गळ टाकण्याआधी शेवटची दोन हात दोरी बोटांतून एकदा फिरवून पाहा.