खिशातला 'हिरो'

दोस्तांनो, आजोबांच्या टेबलाचा खण एकदा धुंडाळून बघा. एखादं 'हिरो' पेन नक्की सापडेल! हे पेन चीनमधल्या शांघायचं. तिथला कारखाना सुरू झाला १९३१ साली. गंमत म्हणजे, मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा मांडला तोही १९३१ मध्येच. 'कॅमल' शाई त्यांचीच! शांघायचं पेन आणि मुंबईची शाई अशी जोडी मग कितीतरी दप्तरांत जमली.

'हिरो ६१६'चं निब जवळजवळ झाकलेलं, फक्त टोक बाहेर. त्यामुळे शाई चटकन वाळत नाही. भरायला ड्रॉपरही नको. निब दौतीत बुडवायचं, आतली पट्टी चार-पाच वेळा दाबून सोडायची. झालं!

पण सातवीच्या परीक्षेत माझा शर्ट निळा झाला, उत्तरपत्रिकेवरही भला मोठा डाग! चूक पेनची नव्हती, माझी होती. मी शाई अर्धीच भरली होती. शाई कमी म्हणजे आत हवा जास्त. अंगाच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते.

म्हणून पेपरच्या आदल्या रात्री पेन पूर्ण भरा, निब फडक्यानं टिपा आणि पेन खिशात उभंच ठेवा. शाई बदलताना पेन साध्या पाण्यानं धुवा. दोन शाया मिसळू नका, गाळ धरतो.

मग काय, शोधताय ना आजोबांचा 'हिरो'? पण आधी विचारा हं!