ताबोचे छत कोण लिंपणार?

हिमाचल प्रदेशात, तिबेटच्या सीमेपासून फार दूर नसलेले, स्पीती नदीच्या काठी वसलेले ताबो हे एक लहानसे गाव आहे. तेथील बौद्ध मठाची स्थापना इ. स. ९९६ मध्ये झाली. बाहेरून पाहणाऱ्याला तेथे कच्च्या विटांच्या, जाड भिंतींच्या, जवळजवळ बिनखिडकीच्या काही बुटक्या इमारती दिसतात. आत गेल्यावर मात्र भिंतीभर चित्रे आणि त्या भिंतींवरच अधांतरी बसवलेल्या मातीच्या मूर्ती यांचे एक विश्व उलगडते. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत या मठाला ‘हिमालयातील अजिंठा’ असे म्हटले जाते. मराठी वाचकाला ही तुलना सुखावेल, परंतु धोरणाच्या दृष्टीने ती दिशाभूल करणारी आहे. अजिंठा दगडात कोरलेला आहे. शतकानुशतके निर्जन राहूनही १८१९ मध्ये तो पुन्हा जगाच्या नजरेस आला, तेव्हा त्याच्या भिंतींवर चित्रे शिल्लक होती. ताबोला अशी सवलत नाही. त्याची देखभाल काही वर्षे थांबली, तर प्रथम छत गळेल, मग भिंती भिजतील आणि हजार वर्षांची चित्रे मातीसह खाली येतील.

याचे सर्वांत बोलके साक्षीपत्र ताबोच्या मुख्य मंदिरातच आहे. गुगे राज्याचा अधिपती येशे-ओ याने हा मठ उभारला आणि त्यानंतर ४६ वर्षांनी त्याच्या भावाच्या वंशातील जांगछुब-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला, असे तेथील भिंतीवरचा लेख सांगतो. म्हणजे या मठाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा समकालीन दस्तऐवज हा मुळात दुरुस्तीचा दस्तऐवज आहे. इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे स्थापनेच्या वर्षाकडे जाते, पण वास्तू टिकते ती पुढच्या पिढ्यांनी केलेल्या डागडुजीमुळे. १९ जानेवारी १९७५ रोजी झालेल्या किन्नौरच्या तीव्र भूकंपाने या मठाला हादरवले, त्यानंतरही हीच परंपरा कामी आली. त्या दुरुस्तीबरोबरच नवे मंदिर उभे राहिले आणि १९८३ मध्ये दलाई लामांच्या उपस्थितीत तेथे कालचक्र सोहळा झाला.

ही देखभाल कशी चालते, हे मराठवाड्यातील माळवदाचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. लाकडी तुळया, त्यांवर काटक्या व झाडाची साल, त्यांवर चोपलेल्या मातीचे थर. असे छत वेळच्या वेळी पाहावे लागते, भेगा बुजवाव्या लागतात, हिवाळ्यात साचलेला बर्फ ढकलून खाली पाडावा लागतो. या कामाला मोठा खर्च लागत नाही, मात्र योग्य वेळी योग्य माती ओळखणारी माणसे गावात असावी लागतात. स्पीतीत ही माणसे पुरवणारी एक पक्की सामाजिक घडी होती. घर व जमीन थोरल्या मुलाकडे जात असे. या मुख्य घराला ‘खांगछेन’ म्हणतात. धाकटे मुलगे मठात जात. वितळत्या बर्फाचे पाणी डोंगरावरून शेतापर्यंत आणणाऱ्या पाटांवर, म्हणजे ‘कूल’वर, या घरांचा हक्क असे आणि त्या पाटांच्या दुरुस्तीत श्रम देण्याचे कर्तव्यही त्यांचेच असे. पाणी, शेत, घर आणि मठ ही एकाच हिशेबाची चार खाती होती.

या हिशेबावर आता फार मोठा भार आला आहे. १८४६ मध्ये ब्रिटिशांनी लडाखपासून वेगळे करून कुलूला जोडलेला हा प्रदेश पुढे दीर्घकाळ राज्यकर्त्यांच्या नकाशावरचा दूरचा कोपराच राहिला. सीमावर्ती क्षेत्र म्हणून बाहेरच्यांच्या प्रवेशावर निर्बंध होते. परदेशी प्रवाशांसाठी ते १९९० च्या दशकाच्या आरंभी सैल झाले. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगच्या पोटातून जाणारा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि मनालीहून लाहौलला जाणे बारमाही शक्य झाले. स्पीतीत उतरण्यासाठी पुढे कुंझुमची खिंड ओलांडावी लागतेच आणि ती हिवाळ्यात बंद असते. तरी उन्हाळ्यातील वाट पुष्कळ सोपी झाली. लाहौल-स्पीती हा जिल्हा सुमारे १३,८०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून मोठा आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या अवघी ३१,५६४ होती, तर साताऱ्याची तीस लाखांवर. इतक्या विरळ वस्तीच्या प्रदेशात चार-पाच महिन्यांच्या हंगामात येणारी गर्दी किती जड पडते, हे समजण्यासाठी वेगळ्या आकडेमोडीची आवश्यकता नाही.

पर्यटनाने स्पीतीचे भले केले, हे प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जव आणि काळा वाटाणा पिकवून जगणाऱ्या या खोऱ्याला रोख पैसा आधी हिरव्या वाटाण्याने दाखवला आणि त्यानंतर पर्यटकांनी. राज्य सरकारने २००८ मध्ये घरगुती निवासाची योजना आणली. तिच्यामुळे गावातील घरातच पाहुणे ठेवून उत्पन्न मिळवण्याचा मार्ग मोकळा झाला. हे उत्पन्न बहुतांशी घरातील स्त्रीच्या कष्टांवर उभे असते आणि अनेकदा तिच्या हातात येते. याचे मोल मोठे आहे, कारण हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही आणि येथील रूढीत मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा नव्हता. जुन्या घडीचे गुणगान करताना ती धाकट्या भावांवर आणि बहिणींवर किती अन्याय करीत होती, हे विसरून चालणार नाही. मठात गेलेला प्रत्येक धाकटा मुलगा स्वेच्छेने गेला होता, असे कोण म्हणेल?

मात्र लाभाबरोबर आलेली झीज सरकारी अहवालांत दिसत नाही, कारण ती पर्यटन विभागाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. शौचालयाचे उदाहरण घ्या. स्पीतीच्या घरांत कोरडी शौचालये असत. त्यांत माती व राख टाकली जाई, आणि त्यातून तयार होणारे खत वसंतात शेतात जाई. पर्यटकाला पाण्याचे शौचालय हवे असते. ते आले की शेताला जाणारे पाणी मैलापाण्यात जाते आणि शेताचे खतही संपते. एका सोयीने शेताची दोन साधने एकदम हिरावली जातात. मग शेत परवडेनासे होते, शेतापेक्षा खोल्या भाड्याने देणे फायद्याचे ठरते आणि कूलच्या दुरुस्तीला श्रम देणाऱ्या घरांची संख्या घटते. छत लिंपणारे हात तेच असल्यामुळे त्याचा परिणाम शेवटी मठापर्यंत पोहोचतो. नवी इमारत सिमेंटची होते, तिच्यासाठी कारागीर बाहेरून येतात, आणि माती ओळखणारा म्हातारा माणूस आपली विद्या कोणाला न देता निघून जातो.

दुसरे संकट आकाशातून येत आहे. स्पीती हे पर्जन्यछायेतील शीत वाळवंट आहे. तेथील सपाट मातीचे छत बर्फासाठी घडवलेले आहे. बर्फ ढकलता येतो, संततधार पाऊस ढकलता येत नाही. जुलै २०२३ मध्ये हिमाचलात कोसळलेल्या पावसाच्या आणि उंचावरील अवेळी हिमवर्षावाच्या काळात चंद्रताल सरोवराजवळ अडीचशेहून अधिक पर्यटक अडकून पडले होते. त्यांच्या सुटकेच्या बातम्या देशभर झळकल्या. ओल्या छतांची बातमी होत नाही. चित्रांच्या भिंतीवरून ओघळलेल्या पाण्याची रेघ मात्र कोणत्याही बचावपथकाला पुसता येत नाही.

आता कायद्याकडे पाहू. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा २०१० मध्ये सुधारण्यात आला. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियमन अशी त्याची रचना आहे. ओसाड किल्ल्याला किंवा शहरातील मकबऱ्याला ही तरतूद उपयोगी पडते. ताबोसारख्या ठिकाणी मठाला लागूनच गाव आहे. तेथे ही रेषा गावकऱ्याला ‘येथे बांधू नकोस’ एवढेच सांगते. कूल, माती आणि कारागीर यांविषयी ती मौन बाळगते. शिवाय खोऱ्यातील अनेक जुनी मंदिरे व घरे अशा संरक्षणाच्या बाहेरच आहेत. एकेकाळी स्पीतीची राजधानी असलेले धनकर तेथील झिजणाऱ्या कड्यावर उभे आहे. त्याच्या मठाचा समावेश २००६ मध्ये ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेने जगातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या शंभर वारसास्थळांच्या यादीत केला होता. अशा याद्यांमुळे प्रसिद्धी मिळते आणि प्रसिद्धीमुळे पर्यटक येतात. छताची माती मात्र यादीतून येत नाही.

खर्चाचा कलही लक्षात घेण्याजोगा आहे. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रमासाठी ४,८०० कोटी रुपये ठेवले आणि त्यांतील २,५०० कोटी रस्त्यांसाठी होते. सीमाभागात रस्ता हवाच. रुग्णाला इस्पितळात नेण्यासाठी तो हवा आणि लष्करालाही हवा. परंतु रस्त्याने काय आत येईल आणि काय बाहेर जाईल, याचा विचार रस्ता बांधणाऱ्या खात्याने करावा अशी अपेक्षा चुकीची आहे. तो दुसऱ्या कोणीतरी करायला हवा. आज तसा कोणी नाही.

एक आक्षेप प्रामाणिक आहे. मातीच्या घराचा आग्रह म्हणजे गरिबांना जुन्या धोक्यात ठेवणे नव्हे काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड माळवदाखाली हजारो माणसे गाडली गेली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही आणि स्पीतीही भूकंपप्रवण आहे. या आक्षेपाचे उत्तर कारागिरीतच आहे. थरावर थर चढवत राहिल्यास छत जड होते. जुना थर खरवडून नवा देणे, भिंतीत लाकडी पट्टे घालणे या गोष्टी जाणकार गवंड्याला ठाऊक असतात आणि आजचे अभियंते त्यांत सुधारणाही करू शकतात. विद्या नष्ट झाली, तर तीच माती खरोखर धोकादायक होते. आणि प्रत्येक घर मातीचेच असावे, असा हट्टही नको. मठासाठी व जुन्या मंदिरांसाठी पुरेसे कारागीर पोसले जातील, एवढे मातीकाम खोऱ्यात चालू राहावे.

यासाठी नवा कायदा लागणार नाही. लाहौल-स्पीती हे पाचव्या अनुसूचीतील क्षेत्र आहे. गडचिरोली वा नंदुरबारच्या वाचकांना परिचित असलेला १९९६ चा पेसा कायदा तेथेही लागू आहे आणि हिमाचलाने त्याचे नियम २०११ मध्ये केले आहेत. परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामुदायिक साधनसंपत्ती यांच्या रक्षणाचा अधिकार हा कायदा ग्रामसभेला देतो. राज्याच्या १९७२ च्या जमीन कायद्यातील कलम ११८ मुळे बिगरशेतकऱ्यांना जमीन विकत घेणे अवघड आहे, हे आणखी एक कवच. स्थानिक निर्णयशक्तीचा प्रत्ययही आलेला आहे. कोविडच्या २०२० सालच्या उन्हाळ्यात स्पीतीतील स्थानिक समितीने उत्पन्नावर पाणी सोडून खोरे पर्यटकांसाठी बंद ठेवले. लाहौलमधील सिस्सू परिसरातील गावे हिवाळ्यातील देवकार्याच्या दिवसांत पर्यटकांना येऊ नका असे सांगतात. आपला उत्सव हा पाहुण्यांसाठीचा कार्यक्रम नाही, हे सांगण्याचे धैर्य या गावांत आहे.

या पायावर चार गोष्टी करता येतील. पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा ठरावीक हिस्सा थेट ग्रामसभेकडे जावा आणि तो कूल व छते यांच्या वार्षिक देखभालीसाठीच राखीव असावा. सरकारी कामांच्या दरसूचीत कच्च्या विटा, मातीचा गिलावा व सपाट छताची दुरुस्ती यांना सन्मानाचा दर मिळावा. ज्या कामाला दर नाही ते काम सरकारी यंत्रणेत अस्तित्वातच नसते, हे प्रशासनात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नव्या हॉटेलाला परवानगी देण्यापूर्वी पाणी कोठून येणार आणि मैला कोठे जाणार, याचे उत्तर ग्रामसभेला पटले पाहिजे. आणि वाहने गावाबाहेर थांबावीत.

शेवटच्या बाबतीत खरा अजिंठा काही शिकवू शकतो. तेथे खाजगी वाहने फर्दापूर फाट्यावर थांबवली जातात आणि तेथून सुमारे चार किलोमीटर अंतर एसटीच्या बसने कापावे लागते. या व्यवस्थेमुळे कोणी अजिंठ्याला जायचे थांबलेले नाही. अजिंठ्याने दुसराही एक धडा दिला आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला. हेतू रक्षणाचा होता, पण तो लेप पुढे पिवळा पडला आणि तो काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना अनेक दशके घालवावी लागली. बाहेरून आणलेला, कायमचा वाटणारा इलाज वारशाला कसा भोवतो, याचा हा आपल्याच घरचा दाखला आहे. मातीच्या छतावर सिमेंटचा थर देऊन वर्षाची कटकट मिटवावी, असा मोह स्पीतीत ज्याला होईल त्याने तो आठवावा.

ताबोला दरवर्षीची कटकटच हवी आहे. जांगछुब-ओने ती केली म्हणून मठ उभा राहिला; पुढे चाळीस पिढ्यांनी ती केली म्हणून आपण तो पाहू शकतो. पुढची पिढी ती करील का, हे तिला त्या कामातून सन्मानाने जगता येते की नाही, यावर ठरेल. पर्यटनाचा पैसा त्या कामापर्यंत पोहोचवणे ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती पार पाडण्याची साधने त्याच्या हाती आजच आहेत.